सलाम झाला, सही राहिली

कैरो विद्यापीठाच्या सभागृहात ४ जून २००९ रोजी बराक ओबामांनी भाषणाच्या सुरुवातीलाच ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटले आणि सभागृह टाळ्यांनी दणाणले. पुढे त्यांनी कुराणातली वचने सांगितली. शीतयुद्धाच्या काळात इराणमधले लोकनियुक्त सरकार उलथवण्यात अमेरिकेचा हात होता, हे मान्य केले. इस्रायली वसाहतींचे बांधकाम थांबले पाहिजे, असे बजावले. क्युबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी तळावरचा, दहशतवादाच्या संशयितांचा तुरुंग पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बंद होईल, असा शब्द दिला. त्या वर्षीच्या प्यू या अमेरिकी मतचाचणी संस्थेच्या पाहणीत इजिप्तमधल्या २७ टक्के लोकांचे अमेरिकेविषयी मत अनुकूल होते. पुढच्या वर्षी हा आकडा १७ टक्क्यांवर घसरला. ज्या देशात सलाम केला, त्याच देशात.

भाषणात खोट नव्हती. खोट होती ती भाषणाच्या मागे काय उभे होते त्यात. वसाहती थांबल्या नाहीत. ग्वांतानामो बंद करण्याच्या आदेशावर ओबामांनी २२ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे सत्तेवर आल्याच्या तिसऱ्या दिवशी, सही केली होती आणि मुदत एक वर्षाची ठेवली होती. पण कैद्यांना अमेरिकेत हलवायला पैसा लागतो आणि पैशाची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, असते. काँग्रेसने ती दिली नाही. २०२५ च्या जानेवारीतही तिथे १५ कैदी होते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असे आपल्याकडे म्हणतात. इथे कढीचा वास मात्र इंडोनेशियापासून मोरोक्कोपर्यंत दरवळला होता, त्यामुळे उपाशी उठणाऱ्यांचा रागही तेवढाच मोठा होता.

अमेरिका आणि मुस्लिम देश यांचे संबंध सुधारायचे कसे, या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत वॉशिंग्टनने भरपूर डोके खर्च केले, पण बहुतेक वेळा चुकीच्या जागी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर नऊ दिवसांनी जॉर्ज बुश यांनी काँग्रेससमोर ‘ते आपला द्वेष का करतात?’ असा प्रश्न अमेरिकी जनतेच्या तोंडी घातला. प्रश्नच असा मांडला की उत्तर मनात शोधावे लागते, आणि मन वळवायचे म्हटले की जाहिरातवाले येतात. तसे ते आलेही. जाहिरात क्षेत्रातल्या शार्लट बिअर्स यांना परराष्ट्र खात्यात उपमंत्र्यांच्या दर्जाचे पद मिळाले. अमेरिकेत मुसलमान किती सुखात राहतात हे दाखवणाऱ्या दूरचित्रवाणीच्या जाहिराती तयार झाल्या आणि २००२ च्या अखेरीस इंडोनेशिया, पाकिस्तान वगैरे देशांत दाखवल्या गेल्या. इजिप्त आणि जॉर्डनने त्या दाखवायलाच नकार दिला. मार्च २००३ मध्ये बिअर्स पायउतार झाल्या आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या फौजा इराकमध्ये घुसल्या. जाहिरातीतला बेकरीवाला कितीही आनंदी असला, तरी बगदादवरचे बॉम्ब दुसऱ्या वाहिनीवर दिसत होते.

मुळात द्वेष धर्मातून येतो, हे गृहीतकच तपासले तर टिकत नाही. कोसोव्होची बहुसंख्य जनता मुसलमान आहे. तिथे राजधानी प्रिश्तिनात बिल क्लिंटन यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे आणि त्यावर क्लिंटन यांचा पुतळा उभा आहे. कारण सरळ आहे. १९९९ साली नाटोच्या विमानांनी ७८ दिवस बॉम्बफेक करून सर्बियाच्या फौजांना तिथून हुसकावले. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोचा सदस्य आहे आणि तरीही प्यूच्या पाहण्यांत तिथले अनुकूल मत कित्येक वर्षे तळाला असते. इस्लामी सहकार्य संघटनेत ५७ सदस्य देश आहेत. त्यांच्यात भाषा, पंथ, तेल, राजेशाही, लोकशाही यांपैकी काहीच समान नाही. ‘मुस्लिम जग’ नावाच्या पत्त्यावर टाकलेले पत्र कुणालाच पोचत नाही. पत्ता देशाचा लागतो, आणि देशाच्याही पुढे जाऊन खात्याचा, बँकेचा, खिडकीचा.

खिडकीपासूनच सुरुवात करू. अमेरिकेविषयीचे मत बनवणारा जिवंत अमेरिकी माणूस बहुतेकांना आयुष्यात एकदाच भेटतो: व्हिसाच्या काचेपलीकडे, दोन-तीन मिनिटांसाठी. मुंबईतून व्हिसासाठी गेलेल्यांना ‘२२१-जी’ हा शब्द ओळखीचा आहे. कागदावर नकार, पण अखेरचा नाही, होकारही नाही, ‘पुढील छाननी’. ही छाननी किती दिवसांची, याला कायद्यात मर्यादा नाही. १८५ डॉलर शुल्क परत मिळत नाही. विद्यापीठाचे सत्र सुरू होऊन संपून जाते.

ही छाननी मुस्लिम देशांतल्या अर्जदारांच्याच वाट्याला जास्त का येते, याचे उत्तर द्वेषात कमी आणि रकान्यांत जास्त सापडते. अरबी नावात स्वतःचे, बापाचे, आजोबांचे आणि कुळाचे नाव असते; अमेरिकी अर्जाला ‘पहिले नाव’ आणि ‘आडनाव’ एवढेच कळते. अफगाणिस्तानात आणि इंडोनेशियातही कित्येकांचे नाव एकाच शब्दाचे असते. मग तो शब्द आडनावाच्या रकान्यात जातो आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव माहीत नाही’, असे छापले जाते. ‘मोहम्मद’ रोमन लिपीत दहा-बारा तऱ्हांनी लिहितात. त्यात जन्मतारखेची भर. जिथे जन्माची नोंद नसते तिथे कागदावर सरसकट १ जानेवारी पडते. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली अख्खी पिढी आहे, तसेच. आता एक सामान्य नाव, पाच स्पेलिंगे आणि १ जानेवारी हे तिन्ही संशयितांच्या यादीशी ताडून पाहा. यंत्र दर वेळी ‘जुळले’ म्हणणारच. मग फाइल वॉशिंग्टनला जाते आणि तिथे तिचा नंबर कधी लागेल हे खिडकीतल्या अधिकाऱ्यालाही सांगता येत नाही.

यावरचा उपाय कुठल्याही शिखर परिषदेत मांडण्याइतका भारदस्त नाही. छाननीला ६० दिवसांची मुदत घालावी. ती ओलांडली तर अर्जदाराला निदान कारणाचा वर्ग लेखी कळवावा: नावाचा गोंधळ, कागद अपुरा, की विषय संवेदनशील. एकदा ‘हा तो माणूस नव्हे’ असे ठरले की ते पुढच्या अर्जाला चिकटलेले राहावे, म्हणजे त्याच प्राध्यापकाला दर परिषदेसाठी पुन्हा चार महिने ताटकळावे लागणार नाही. हे करायला माणसे लागतात. दूतावासातल्या नव्हे, वॉशिंग्टनमधल्या त्या मागच्या खोलीतली. तिथे पगार वाढवणे कुठल्याच अध्यक्षाला भाषणात सांगण्यासारखे वाटत नाही.

उलट दिशेने मात्र सही झटपट होते. २७ जानेवारी २०१७ च्या आदेशाने इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया आणि येमेन या सात देशांच्या नागरिकांना ९० दिवस प्रवेशबंदी झाली. विमान हवेत असताना प्रवाशांचे व्हिसा निरुपयोगी झाले. आदेश न्यायालयात अडला, दोनदा नव्याने लिहिला गेला, जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी टिकला, जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला आणि जून २०२५ मध्ये बारा देशांची नवी पूर्ण बंदी आली. त्यात मुस्लिमबहुल देश आहेत आणि हैती, काँगोसारखे इतरही आहेत. बंदी बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवला, तरी समोरच्या देशातला विद्यार्थी, व्यापारी किंवा मंत्री यांना एवढेच दिसते की दर चार वर्षांनी दार उघडते किंवा मिटते आणि त्याचा त्यांच्या वागण्याशी काही संबंध नसतो.

खिडकीवरचा सर्वांत वाईट प्रसंग अफगाण दुभाष्यांचा. अमेरिकी फौजांबरोबर गावोगाव फिरलेल्या या लोकांसाठी २००९ साली खास व्हिसाचा कायदा झाला. पुढे काँग्रेसने त्याला मुदतही घातली: सरकारकडची प्रक्रिया नऊ महिन्यांत संपली पाहिजे. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण फक्त आपलीच असे समजणाऱ्यांनी ही प्रक्रिया पाहावी. टप्पे चौदा. कंपनीचे नोकरीचे पत्र हवे. ज्याच्या हाताखाली काम केले त्या अमेरिकी अधिकाऱ्याचे शिफारसपत्र हवे. मग काबूलच्या दूतावासातली समिती, मग अमेरिकेतले स्थलांतर खाते, मग पुन्हा व्हिसा केंद्र, मग मुलाखत, छाननी, वैद्यकीय तपासणी. अडायचे कुठे? पहिल्याच टप्प्यावर. दुभाषी सैन्याच्या थेट नोकरीत नसे, ठेकेदाराच्या पोटठेकेदाराकडे असे. ती कंपनी केव्हाच गुंडाळली गेलेली. अधिकारी ‘कॅप्टन माइक’ एवढ्याच नावाने माहीत, आणि बदलीनंतर त्याचा लष्करी ईमेल बंद. बाकी सगळे जमले तर छाननी लांबते, तोवर वैद्यकीय तपासणीची मुदत संपते आणि ती पैसे भरून पुन्हा करावी लागते. नऊ महिन्यांची वर्षे झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा हजारो अर्ज कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर पडून होते आणि अर्जदार विमानतळाच्या भिंतीबाहेरच्या गटारात उभे राहून कागद उंच धरत होते. ते दृश्य साऱ्या मुस्लिम देशांनी पाहिले. त्यातून निघालेला अर्थ कुठल्याही शत्रूच्या प्रचारापेक्षा पक्का होता: यांच्याबरोबर काम केले तर कागद पूर्ण झाला पाहिजे, नाहीतर मेलात.

दुसरी खिडकी बँकेची. इराणवर निर्बंध असले तरी अमेरिकी कायद्याने औषधे आणि अन्न त्यांतून वगळलेले आहेत. कागदावर कर्करोगाचे इंजेक्शन तेहरानला पाठवायला कुणाचीच बंदी नाही. पण इंजेक्शन विमानाने जाते आणि पैसे बँकेतून यावे लागतात. २०१४ साली बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्युबाशी केलेल्या व्यवहारांसाठी अमेरिकेने सुमारे ८९० कोटी डॉलर दंड केला. तेव्हापासून युरोपातल्या कुठल्याही बँकेच्या नियमपालन विभागातल्या माणसाला ‘इराण’ शब्द दिसला की तो फाइल मिटतो. पाच लाख डॉलरच्या औषधाच्या बिलावर बँकेला मिळणार काही हजार; चुकले तर दंड अब्जांत. कोण कशाला हात घालील? सप्टेंबर २०१९ मध्ये इराणची मध्यवर्ती बँकच दहशतवादविरोधी आदेशाखाली आणली गेली आणि उरलेली वाटही बुजली. मग स्वित्झर्लंडने अमेरिकेशी बोलून एक खास मार्ग काढला. जानेवारी २०२० मध्ये त्यावरून पहिला चाचणी व्यवहार झाला: कर्करोग आणि अवयव प्रत्यारोपणाची औषधे, सुमारे २५ लाख डॉलरची. आठ-नऊ कोटींच्या देशासाठी.

या मार्गात बिघडले काय, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘औषधांना सूट आहे’ असे म्हणणे आणि ‘या बँकेने, या खात्यातून, या मालाचे पैसे घेतले तर आम्ही तिच्यावर कारवाई करणार नाही’ असे नाव घालून लेखी देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेला दुसरी लागते. ते पत्र मिळायला जर महिनोन्‌महिने लागत असतील आणि बँकेने दर महिन्याला सगळा हिशेब अमेरिकी अर्थखात्याला द्यायचा असेल, तर सूट नावापुरतीच. निर्बंध लादण्यासाठी अमेरिकेकडे शेकडो हुशार माणसांचे खाते आहे. निर्बंधांतली सूट चालती ठेवण्यासाठी तेवढ्याच ताकदीचे टेबल हवे, ठरावीक दिवसांत उत्तर देणारे. इराणी राजवटीशी दोस्ती करा असे यात कुठेच नाही. २०२५ च्या जूनमध्ये ज्यांच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले त्यांच्याशी दोस्ती उद्या होणार नाही. पण इस्फहानच्या रुग्णालयातल्या बापाला राजवट आणि औषध यांतला फरक कळतो, आणि औषध कुणामुळे आले नाही तेही त्याच्या लक्षात राहते.

आता जिथे जमले तिथे पाहू, म्हणजे टीका सोपी असते असे कुणी म्हणायला नको.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने इंडोनेशियातल्या आचे प्रांताचा पश्चिम किनारा पुसून टाकला. रस्ते उरले नाहीत, धक्के उरले नाहीत. अमेरिकेची ‘अब्राहम लिंकन’ ही विमानवाहू नौका आठवड्याभरात किनाऱ्याजवळ आली आणि तिची हेलिकॉप्टरे पाणी, बिस्किटे, जखमी यांची ने-आण करू लागली. इंडोनेशियाला परदेशी सैनिकांची धास्ती होती. परदेशी फौजांच्या देखरेखीखाली पूर्व तिमोर वेगळा झाला, तो प्रकार ताजा होता, आचेत बंडखोरी चालू होती, आणि अमेरिकेने इंडोनेशियन लष्कराशी संबंध कित्येक वर्षे आखडते घेतलेले होते. म्हणून व्यवस्था अशी झाली की अमेरिकी सैनिक दिवसा काम करीत आणि रात्री जहाजावर परतत. किनाऱ्यावर तळ नाही, तंबूंची वसाहत नाही, झेंडा रोवणे नाही. तीन महिन्यांत परदेशी फौजा गेल्या पाहिजेत असे जकार्ताने म्हटले, तर नौका त्याआधीच निघून गेली. प्यूच्या पाहणीत इंडोनेशियातले अमेरिकेविषयीचे अनुकूल मत २००३ साली १५ टक्के होते. २००५ साली ते ३८ टक्के झाले. इराकचे युद्ध त्या वेळीही चालूच होते.

हेलिकॉप्टरनंतरचे काम मात्र रखडले, आणि ते का हेही शिकण्यासारखे आहे. बांदा आचेपासून मेउलाबोहपर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा किनारी रस्ता बांधून देण्याचे अमेरिकेने कबूल केले. जमीन इंडोनेशिया सरकारने ताब्यात घेऊन द्यायची होती. पण हजारो तुकडे, कितीतरी मालक लाटेत गेलेले, कागदपत्रे वाहून गेलेली. सातबाराच नाहीसा झाल्यावर तलाठी काय करणार? वाटेत कबरी होत्या, त्या हलवायच्या. दर वाढत गेले. शेवटी चालांगपर्यंतचा १५० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता पदरात पडला. पण पडला. आजही त्यावरून एसटीसारख्या बसगाड्या धावतात आणि मासे जातात.

८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपात पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागातही असेच घडले. अफगाणिस्तानच्या युद्धातली चिनूक हेलिकॉप्टरे वळवली गेली, मुझफ्फराबादेत अमेरिकी लष्कराचे फिरते शस्त्रक्रिया रुग्णालय उभे राहिले आणि जाताना ते पाकिस्तानला देऊन टाकले गेले. चार वर्षांनी अर्थतज्ज्ञांनी तिथल्या गावांत घरोघर विचारपूस केली तेव्हा भूकंपाच्या भेगेजवळच्या, म्हणजे परदेशी मदत जास्त पोचलेल्या गावांत परदेशी लोकांवरचा विश्वास दूरच्या गावांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळला. समोर डॉक्टर उभा राहिला की मत बदलते, आणि ते टिकतेही.

मग २०११ उजाडले. ओसामा बिन लादेनच्या अबोटाबादच्या घराचा माग काढताना सीआयएने एका स्थानिक डॉक्टरला हाताशी धरून हिपॅटायटिस-बी लसीकरणाचा बनाव रचला. जुलैत ते बाहेर फुटले. लस टोचणारी बाई हेर असू शकते, ही सरहद्दीवरच्या मुल्लांची जुनी थाप एका रात्रीत खरी ठरली. पोलिओच्या लसीकरणाला आधीच विरोध होता, त्याला आता पुरावा मिळाला. डिसेंबर २०१२ मध्ये कराची आणि पेशावर भागात लस पाजणाऱ्या स्त्रियांना गोळ्या घातल्या गेल्या. २०१४ साली पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण सापडले. याला एकटा तो बनाव जबाबदार नाही. वझिरिस्तानात तालिबानने लसीकरण बंद पाडले होते ते ड्रोन हल्ल्यांच्या नावाखाली. पण भूकंपात कमावलेले एका कारस्थानात गमावणे म्हणजे काय, ते यातून दिसते. अमेरिकेतल्या बारा सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी अध्यक्षांना पत्र लिहिले. मे २०१४ मध्ये व्हाइट हाउसने उत्तर दिले की यापुढे सीआयए लसीकरणाचा वापर करणार नाही. चांगले झाले. पण ते एक पत्र आहे, कायदा नाही. पुढचा अध्यक्ष ते एका ओळीत मोडू शकतो. पत्रकारांच्या वेशातले हेर नकोत यावर जसे बंधन आले, तसे कायद्यातच लिहून टाकायला काँग्रेसची एक दुपार पुरेल.

मदतीच्या अटींविषयी आपण मराठी वाचकांनी जरा स्वतःच्या घरात डोकावावे. साठच्या दशकात पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदतीच्या कायद्याखाली आलेला लाल गहू आणि मिलो रेशनच्या रांगेत उभे राहून ज्यांनी घेतला, त्या घरांत अमेरिकेविषयी कृतज्ञता किती उरली? १९६५ ते ६७ या दुष्काळी काळात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे एकेका महिन्याच्या हिशेबाने सोडली, भारताने शेतीधोरण बदलावे म्हणून आणि भारत व्हिएतनामवर बोलत होता म्हणूनही. गहू लाखो टन आला, जीव वाचले. लक्षात राहिली ती आखडलेली मूठ. २००९ साली पाकिस्तानला पाच वर्षांत ७५० कोटी डॉलर नागरी मदत देणारा केरी-लुगर कायदा झाला तेव्हा हेच घडले. बिगरलष्करी मदतीचा एवढा मोठा आकडा पाकिस्तानने पाहिला नव्हता. पण कायद्याच्या मजकुरात लष्करावर मुलकी सरकारची पकड किती, याचा अहवाल द्यायची कलमे होती. ती कलमे मुळात वेगळ्या लष्करी मदतीला लागू होती, पण ते वाचतो कोण? पाकिस्तानी सेनापतींनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि मदत अपमान ठरली.

खरे तर मदतीपेक्षा स्वस्त आणि मानाचा एक उपाय नेहमीच समोर होता. अमेरिकेत मोटारगाडीवर अडीच टक्के आयात शुल्क असे, तेव्हा सुती टी-शर्टवर साडेसोळा टक्के होते आणि सुती पँटवर त्याहून किंचित जास्त. बांगलादेश टी-शर्ट विकतो, जर्मनी गाड्या विकते. या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सची अमेरिकेतली निर्यात बांगलादेशच्या दसपट होती आणि दोघांच्या मालावर वसूल झालेले शुल्क जवळपास सारखे. पाकिस्तानच्या सरहद्दीवर कारखाने काढून त्यांचा माल बिनशुल्क घेऊ, असे बुश यांनी २००६ साली जाहीर केले. अमेरिकेतले कापड उद्योगवाले अडून बसले आणि तो कायदा कधी झालाच नाही. जॉर्डनला मात्र २००१ पासून मुक्त व्यापार मिळाला आणि कपड्यांची निर्यात भराभर वाढली. तिथे चूक वेगळी झाली: कारखान्यांत जॉर्डनच्या मुलींपेक्षा बांगलादेश, श्रीलंका, भारतातून आणलेले मजूर अधिक, आणि २००६ साली त्यांच्या छळाच्या बातम्या बाहेर आल्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तपासणीचा कार्यक्रम आणला तो २००८ मध्ये. तपासणी पहिल्या दिवसापासून करारात असती तर दोन वर्षांची बेअब्रू टळली असती. २०२५ साली शुल्काचे जे नवे थर चढले, त्यानंतर हा विषय काढणे म्हणजे पुरात विहीर खणण्याची गोष्ट करण्यासारखे आहे, तरीही काढावा लागतो.

माणसांचे काय? अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत अरबीसाठी ८८ आठवडे धरलेले आहेत. स्पॅनिशला त्याच्या निम्म्याहूनही कमी लागतात. २००६ च्या डिसेंबरात इराक युद्धाचा आढावा घेणाऱ्या बेकर-हॅमिल्टन समितीने लिहून ठेवले की बगदादच्या दूतावासात एक हजार माणसे आहेत, त्यांतल्या ३३ जणांना अरबी येते आणि अस्खलित बोलणारे सहा. शिवाय बगदाद, काबूल, इस्लामाबाद इथल्या नेमणुका वर्षाच्या असत. दीड-पावणेदोन वर्षे भाषा शिकून माणूस येतो, चार महिन्यांत माणसे ओळखतो, आणि सामान बांधायला लागतो. राजदूताची खुर्चीही रिकामी राहते: पाकिस्तानात २०१८ ते २०२२ पूर्णवेळ राजदूत नव्हता, जॉर्डनमध्ये २०१७ ते २०२०. रावळपिंडीच्या सेनापतींना यातून आपली किंमत बरोबर समजते.

भिंतींचा प्रश्न त्याहून अवघड. १९९८ च्या नैरोबी आणि दार-एस-सलामच्या स्फोटांनंतर अमेरिकी दूतावास रस्त्यापासून तीस मीटर आत हवा असा कायदा झाला. भर वस्तीतल्या जुन्या इमारती सुटल्या, टेकाडांवर किल्ले उभे राहिले. मुंबईकरांनी २०११ मध्ये ब्रीच कँडीचे लिंकन हाउस जाऊन बीकेसीतला कोट आलेला पाहिलाच आहे. किल्ल्याला नावे ठेवणे सोपे आहे. इस्तंबूलमध्ये अमेरिकी वकिलात २००३ साली गजबजलेल्या बेयोलूतून दूरच्या टेकडीवर गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बेयोलूतली ब्रिटिश वकिलात ट्रकबॉम्बने उडवली गेली, तिच्या प्रमुखासह. तेव्हा भिंत हवीच. पण भिंतीबाहेर काही ठेवायचे की नाही? जकार्तात २०१० मध्ये अमेरिकेने पॅसिफिक प्लेस नावाच्या मॉलमध्ये जागा घेतली, तिथे व्याख्याने, सिनेमे, शिष्यवृत्तीची माहिती सुरू केली. मुले मॉलमध्ये बर्गर खायला येतात आणि आत डोकावतात. असली जागा चालवायचा खर्च एका विमानाच्या सुट्या भागांइतकाही नसावा.

यावर एक रोखठोक आक्षेप आहे, आणि तो बरोबर आहे. पॅलेस्टाइनचा प्रश्न तसाच असताना व्हिसाच्या खिडक्या पुसून काय होणार? २०१६ च्या करारानुसार अमेरिका इस्रायलला दहा वर्षांत ३,८०० कोटी डॉलरची लष्करी मदत देते. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात जे झाले ते कैरोपासून जकार्तापर्यंत प्रत्येक मोबाइलवर दिसले. मॉलमधले केंद्र याच्यापुढे टिकणार नाही. पण इथेही नवा सिद्धांत लागत नाही, जुनी सही पाळावी लागते. मानवी हक्कांची घोर पायमल्ली करणाऱ्या परदेशी लष्करी तुकडीला अमेरिकी मदत देता येत नाही, असे सिनेटर लेही यांच्या नावाचा कायदा १९९७ पासून सांगतो. इतर देशांच्या तुकड्या त्याखाली रोखल्या जातात. इस्रायलसाठी मात्र छाननीची वेगळी, लांबणारी वाट आहे. आणि इजिप्तला वर्षाला मिळणाऱ्या १३० कोटी डॉलरच्या लष्करी मदतीतला मानवी हक्कांच्या अटीचा हिस्सा बहुतेक वर्षी पूर्ण किंवा बराचसा ‘राष्ट्रीय सुरक्षे’च्या शेऱ्यावर सुटतो. अरब वाचकाला अमेरिकेचा कायदा आवडत नाही असे नाही. तो वाचून बसलेला आहे, हीच अडचण आहे.

तक्रारीचे करारात रूपांतर होते तेव्हा काय घडते, याचे एक उदाहरण इंडोनेशियातच आहे आणि ते कुठल्याही भाषणात आले नाही. २००७ च्या सुरुवातीला आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी बर्ड फ्लूच्या विषाणूंचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला पाठवणे थांबवले. आमच्या रुग्णांतून घेतलेल्या विषाणूपासून ऑस्ट्रेलियातली कंपनी लस बनवते आणि साथ आली की ती आम्हाला परवडणार नाही, हे त्यांचे म्हणणे. जकार्तातल्या अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेवरही त्यांचा रोख होता. त्यांचे काही आरोप अतर्क्य होते आणि पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी तेवढेच उचलले. नौदलाची प्रयोगशाळा बंद झाली. पण मूळ हिशेब बिनचूक होता. जिनिव्हात चार वर्षे घासाघीस झाली आणि मे २०११ मध्ये एक चौकट मान्य झाली: जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्लू प्रयोगशाळांच्या जाळ्याचा निम्मा वार्षिक खर्च, २.८ कोटी डॉलर, औषध आणि निदानसाहित्य कंपन्यांनी भरायचा. आणि विषाणू हवा असेल तर साथीच्या वेळी लसीचा किंवा औषधाचा ठरलेला वाटा देऊ, असे आधी लिहून द्यायचे. आता जाळ्याबाहेरच्या कंपनीला तो विषाणू हवा असेल तर आधी करारावर सही करावी लागते.